पंपमास्तरांच्या हृदयाची जाहीर तपासणी

"रविवारी सकाळी या, सगळे या, आणि येताना आपापले कान घेऊन या! माझं हृदय या अख्ख्या गल्लीत सगळ्यांत सरळ चालतंय, हे सगळ्यांच्या देखत सिद्ध करून देतो. नाही दिलं तर नावाचा पंपमास्तर नाही!"

एवढं बोलून पंपमास्तरांनी जेवणाच्या टेबलावर मूठ आपटली. पेल्यातलं पाणी हिंदकळलं. बायकोनं आधी पेला सावरला, मग त्यांचा हात सावरला, आणि मग कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं त्यांच्या मनगटावर अंगठा दाबून धरला.

"बघा! पुन्हा बघा!" पंपमास्तर उसळले. "ही बाई माझा हात प्रेमानं धरत नाही, नाडी बघायला धरते!"

"चुकतोय," बायको डोळे मिटून म्हणाली. "आत्ताच एक ठोका गाळला."

"तुझ्या डोक्यातला गाळला असेल!"

"अहो, ओरडू नका. आणखी एक गाळला."

समोर बसलेली मुलगी ताटात बघत राहिली. मेहुण्यानं मात्र मान हलवली. तो बसमध्ये कंडक्टर होता. नोकरी संपली तरी गळ्यातली शिट्टी उतरली नव्हती. ताईनं एखादी गोष्ट सांगितली की ती खरी, हा त्याचा लहानपणापासूनचा नियम.

आता पंपमास्तर कोण, ते सांगायला हवं. पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. बिघडलेला पंप पुढ्यात आला की ते आधी काहीच उघडत नसत. पंप चालू करायचे, हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचे, त्याचं टोक पंपाच्या अंगाला टेकवायचे, लाकडी मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "मागचं बेअरिंग गेलंय." उघडून बघावं तर मागचंच! गल्लीत अशीही वदंता होती की एकदा त्यांनी तो स्क्रूड्रायव्हर भिंतीला लावून पलीकडच्या बिऱ्हाडातलं भांडण ऐकलं आणि चूक नवऱ्याची आहे असा निकालही दिला. तो नवरा अजून त्यांच्याशी बोलत नाही, म्हणजे निकाल बरोबरच असणार!

अशा माणसाच्या स्वतःच्या छातीतला पंप बिघडावा, याला काय म्हणायचं? आजाराचं नाव एट्रियल फिब्रिलेशन. नाव पुरतं उच्चारेपर्यंत धडधाकट माणसालाही धाप लागते. हृदयाच्या वरच्या कप्प्यांत विजेचे भलतेच झटके उठतात आणि ठोके ताल सोडून सैरावैरा पळतात. पंपमास्तरांच्या भाषेत सांगायचं तर पंप चांगला, वायरिंगमध्ये घोटाळा. पण त्या घोटाळ्यानं माणूस पार पिळवटून निघाला होता. बुटाची नाडी बांधली की बांधल्याच जागी दम खात बसायचं. छातीत पाखरू अडकल्यासारखं व्हायचं. डाव्या कुशीवर झोपलं की पाखरू जागं, उजव्या कुशीवर झोपलं की मालक जागा.

औषधांनी जमेना, तेव्हा डॉक्टरबाईंनी ॲब्लेशन करायचं ठरवलं. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी थेट हृदयापर्यंत न्यायची आणि जिथून ते भलते झटके उठतात तेवढीच जागा भाजून गप्प करायची. झालं, केलं. सुरुवातीचे आठवडे धाकधुकीचे गेले. जखम भरेस्तोवर मध्येच धडधड होईल, घाबरू नका, असं डॉक्टरबाईंनी बजावून ठेवलं होतं. तशी ती झालीही. मग कमी झाली. मग थांबली.

एके दिवशी पंपमास्तर खालून वर आले, दाराची बेल वाजवली आणि तिथेच थबकले. जिना चढताना आपण मध्ये कुठेच थांबलो नाही! ते पुन्हा खाली गेले आणि पुन्हा वर आले. नुसती मजा म्हणून! दार उघडून बायको बघते तर नवरा तिसऱ्यांदा खाली निघालेला. ती किंचाळली. खालच्या मजल्यावरचा न्हावी हातात वस्तरा घेऊन बाहेर धावला आणि अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक त्याच्या मागे धावलं. तो दिवस अर्थातच तिथेच संपला.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी कागद बघितले, छाती ऐकली आणि म्हणाल्या, "छान. रक्त पातळ करायची गोळी तेवढी मी सांगेपर्यंत चालू ठेवा. बाकी कामाला लागा, चाला, हसा, भांडा. पूर्वीसारखं जगा."

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "धीर द्यायला असंच बोलतात डॉक्टर."

हत्ती गेला होता, मंडळी, पण शेपूट घरातच राहिलं होतं आणि ते शेपूट धरून बायको बसली होती. दुकानाची किल्ली तिच्या कमरेला. बादली उचलायची नाही, कारण छातीवर ताण येतो. मोठ्यानं हसायचं नाही, कारण छातीवर ताण येतो. जिन्याच्या प्रत्येक वळणावर तिनं एकेक खुर्ची ठेवली. "प्रत्येक खुर्चीवर टेकायचं," असं सांगून, कसं टेकायचं ते दाखवायला ती स्वतः आधी टेकायची, आणि चांगली पदरानं वारा घेत टेकायची. पंपमास्तर शेजारी ताठ उभे! फिरायला निघाले की मागून मेहुणा घडीची खुर्ची काखेत मारून हजर.

"दाजी, स्टॉप आला. बसा."

"मला नाही बसायचं."

मेहुणा शिट्टी मारायचा. रस्त्यातली माणसं वळून बघायची. पंपमास्तर लाजेकाजेस्तव बसायचे. डबल शिट्टी झाली की उठायचे. न्हाव्यानं डोक्याला मालिश करायचं सोडलं. "तुमच्या डोक्यावर हात ठेवायला माझाच हात थरथरतो," म्हणायचा.

आणि बायकोची चौकशी तर अखंड.

"काय होतंय का?"

"काही नाही."

"मग हात छातीकडे का गेला?"

"खिशातला चष्मा काढतोय."

"चष्मा कशाला? अंधारी आली?"

या सगळ्यावर कळस झाला तो लाँड्रीवाल्याच्या फोनमुळे. त्याच्या लाँड्रीतले पंप वर्षानुवर्षं पंपमास्तरांच्याच हाताखालचे. त्यानं विचारलं, "मास्तर कामावर कधी येणार?" बायको म्हणाली, "ते आता नाही येणार हो." "म्हणजे कधीच नाही?" "कधीच नाही," म्हणताना तिचा गळा दाटून आला आणि तिनं फोन ठेवला. दुपारी दारात हे भलंमोठं पुष्पचक्र! ते आणणाऱ्यानं मान खाली घालून हळू आवाजात विचारलं, "घरातलं कुणी मोठं माणूस आहे का?"

"मीच आहे. कोण गेलं?" पंपमास्तरांनी फुलांत खोचलेली चिठ्ठी वाचली आणि घसा खाकरला. "हो, मीच. आणा इकडे."

तो माणूस जिन्यातल्या तिन्ही खुर्च्या उलट्यापालट्या करत खाली गेला.

जिवंतपणी स्वतःच्या नावाची फुलं हातात घेऊन उभं राहणं काही हसण्यावारी नेण्यासारखं नसतं. पंपमास्तर बराच वेळ बाल्कनीत बसून राहिले. छातीतलं पाखरू उडून गेलं होतं, झोप लागत होती, भूक लागत होती, हात शिवशिवत होते. आणि ज्या एका माणसानं म्हणायला हवं, "तुम्ही बरे झालात," ते सोडून डॉक्टर, मशीन, सगळे तसं म्हणत होते. डॉक्टरांनी म्हणून काय उपयोग? संसार काय डॉक्टरबरोबर करायचा होता? तिच्या तोंडून एकदा ते ऐकल्याशिवाय आपण घरातला पेशंटच राहणार, हे त्यांना नीट कळून चुकलं. म्हणून त्या संध्याकाळी टेबलावर ती मूठ आणि ती गर्जना.

रविवार उजाडला. मेहुणा आला, मुलगी आली, न्हावीही आला. पंपमास्तर मधल्या खोलीत खुर्ची टाकून, बनियन घालून, फोटो काढायला बसावं तसे बसले. मांडीवर तो हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर, टोकाला रबराची टोपी घातलेला.

"बाबा, याच्यानं हृदय ऐकू येतं?" मुलीनं शंका काढली.

"पंप तो पंप! स्टेथोस्कोप आला कालपरवा. हा स्क्रूड्रायव्हर आजवर एकदाही खोटं बोललेला नाही. काय गं, बोललाय का कधी?"

"नाही बोलला," बायको म्हणाली. तिचाही त्यावर विश्वास होता. डॉक्टरवर नव्हता, मशीनवर नव्हता, पण त्या लाकडी मुठीवर होता. त्या मुठीनंच घर चालवलं होतं.

"मग आज तो जे सांगेल ते मानणार?"

"मानेन."

"सरळ चाललंय म्हणाला तर किल्ली देणार?"

"देईन. आणि नाही म्हणाला तर?"

"तर मरेपर्यंत तू म्हणशील त्या खुर्चीवर बसेन!"

व्यवहार ठरला. पंपमास्तरांनी उस्तादी थाटात हुकूम सोडले. "आधी आजूबाजूचं सगळं बंद करा! शेजारी दुसरं मशीन चालू असलं की त्याचाच आवाज मुठीत येतो आणि माणूस भलताच पंप उघडून बसतो. कच्चा कारागीर इथेच फसतो!" पंखा बंद झाला. फ्रिजची वायर काढली. भिंतीवरचं घड्याळ न्हाव्यानं टॉवेलात गुंडाळून बाल्कनीत नेऊन ठेवलं. खालच्या बिऱ्हाडाचा टीव्ही मेहुण्यानं खिडकीतून शिट्टी मारून बंद करवला. खोलीत अशी शांतता पसरली की माशीनंसुद्धा चपला काढून यावं.

पहिला मान मेहुण्याचा. त्यानं टोक दाजींच्या छातीवर ठेवलं, मूठ कानात रुतेल इतकी दाबली आणि त्याचा चेहरा फुलला. "एकदम रेग्युलर! टिंग टिंग, टिंग टिंग! गाडी वेळेवर आहे!"

मग मुलगी. "हो, काहीतरी ऐकू येतंय खरं. एका लयीत आहे बाबा."

मग न्हावी. त्यानं ऐकलं, मान डोलावली आणि पायानं ठेकासुद्धा धरला.

पंपमास्तरांनी विजयी मुद्रेनं बायकोकडे बघितलं. "या आता, सरकार!"

बायकोनं कपाळावरचा घाम पुसला, वाकली, मूठ कानाला लावली. मग तिचा चेहरा उतरत गेला. तिनं मूठ आणखी दाबली. ओठ पांढरे पडले.

"काय झालं?"

"बोलू नका." तिनं हात वर केला. "आलं... आलं... गेलं. आता तीन एकदम. आता काहीच नाही. अहो, काहीच नाही!"

"अगं, कसं शक्य आहे? ह्या तिघांनी—"

"ह्या तिघांनी वरवर ऐकलं. मला नीट ऐकू येतंय. पूर्वी होतं तस्संच आहे. तस्संच!"

मेहुण्यानं पुन्हा मूठ कानाला लावली. आता ताईचा शब्द एकीकडे आणि स्वतःचा कान दुसरीकडे. कानाचा काय पाड लागणार! "हो ताई," तो खोल आवाजात म्हणाला, "मधली एक टिंग गेली."

न्हाव्यानंही कबूल केलं की मघाशी ठेका धरताना पाय जरा अडखळला होता.

आणि पंपमास्तर? त्यांनी हात छातीवर ठेवला. आत धडधड धडधड! भीतीनंही होते तशी, हे त्या घटकेला कुणाला सुचणार? आपला स्क्रूड्रायव्हर कधी खोटं बोलत नाही, हे त्यांनीच तर आयुष्यभर सांगितलं होतं. करायला गेलो काय आणि उलटे झाले पाय! त्यांच्या डोळ्यांपुढून जिना, दुकान, लाँड्रीचे पंप एकेक करून लांब गेले. "गाडी बोलवा," एवढंच म्हणाले.

पुढे जे झालं त्याला धावपळ म्हणणं म्हणजे वादळाला झुळूक म्हणणं. ॲम्ब्युलन्स आली. दोन माणसांनी पंपमास्तरांना स्ट्रेचरवर पट्ट्यांनी बांधलं. "मी चालतो," ते क्षीणपणे म्हणाले. "खबरदार!" बायको म्हणाली. स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर खुर्चीत अडकलं. खुर्ची काढली तर पुढच्या वळणावर दुसरी. बायको मागे धावली फाइल आणायला, पुन्हा धावली शाल आणायला, पुन्हा धावली गोळ्या आणायला, आणि शेवटी खालच्या खुर्चीवर मटकन बसली. छातीशी फाइल, तोंडातून शब्द फुटेना. "आई, तू बरी आहेस ना?" मुलीनं विचारलं. "मला काय धाड भरलीय? बाबांकडे बघ!" रस्ताभर मेहुण्यानं ॲम्ब्युलन्सच्या खिडकीतून डोकं काढून शिट्टी मारली. भोंग्याला लोक बाजूला होत नव्हते, शिट्टीला झाले.

हॉस्पिटलच्या दारात पहारेकऱ्यानं अडवलं. "हत्यार आत नेता येणार नाही."

"हत्यार नाही हो," मेहुणा स्क्रूड्रायव्हर उंच धरून म्हणाला, "पुरावा आहे!"

डॉक्टरबाई त्या दिवशी नेमक्या तिथेच होत्या. त्यांनी पंपमास्तरांच्या छातीला वायरी लावल्या, ईसीजी काढला. कागद निरखून बघितला. पुन्हा काढला. मग छाती ऐकली.

"ठोके थोडे जलद आहेत, घाबरलात म्हणून. पण ताल पक्का आहे. एकही चुकत नाही."

"मशीन चुकत असेल," बायको म्हणाली. ती खाटेच्या दांडीला धरून उभी होती. "मी स्वतः ऐकलं. रोज मनगटावरही बघते. रोज चुकतो."

"मनगटावर कसं बघता?"

बायकोनं नवऱ्याचा हात उचलला आणि अंगठा दाबून धरला. "असं."

"आणि आज कशानं ऐकलंत?"

मेहुण्यानं पुरावा सादर केला. परिचारिका तोंड फिरवून खोकू लागली. डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला, लाकडी मूठ स्वतःच्या कानावर दाबली आणि टोक हवेतच धरलं. कशालाही न टेकवता! थोडा वेळ ऐकलं.

"बसा बरं तुम्ही जरा," त्या बायकोला म्हणाल्या, आणि तिला बसवताना तिचं मनगट हातात धरलं ते सोडलंच नाही. खोलीतली सगळी माणसं त्या दोन बोटांकडे बघू लागली. पंपमास्तरसुद्धा वायरींसकट उठून बसले.

"यांना शेजारच्या खाटेवर घ्या," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या.

"मला? मला कशाला? पेशंट ते आहेत!"

वायरी लागल्या. कागद सरकत बाहेर आला. पंपमास्तरांना डॉक्टरकीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ती रेघ त्यांच्या ओळखीची होती. स्वतःच्या फाइलीत त्यांनी ती कितीदा बघितली होती! एकमेकींना चिकटून दोन खुणा, मग मोकळी जागा, मग तीन एकदम, मग पुन्हा मोकळी जागा.

"हे माझं जुनं आहे," ते म्हणाले. "माझा जुना कागद आलाय."

"नाही. हा यांचा आहे. आत्ताचा."

मग डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. लाकूड कानावर घट्ट दाबलं की ऐकू येते ती आपल्याच कानाजवळची नाडी. अंगठ्यातही स्वतःची नाडी असते, म्हणून नाडी बघताना अंगठा वापरत नाहीत. घरात प्रत्येकानं आज आपापलंच हृदय ऐकलं होतं. बायको तर इतके दिवस स्वतःचंच हृदय नवऱ्याच्या हातावर मोजत आली होती, आणि त्याला जपत आली होती.

"म्हणजे माझं रेग्युलर?" मेहुण्याच्या तोंडून निसटलं. मुलीनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं शिट्टी शर्टाच्या आत टाकली.

पंपमास्तर वायरी ओढत शेजारच्या खाटेशी गेले. आजूबाजूची सगळी मशिनं बंद करवली होती त्यांनी, अगदी घड्याळसुद्धा! एवढं एकच चालू राहिलं होतं.

"तुला कळलं नाही?" त्यांनी विचारलं. "धडधड, दम, काहीच नाही?"

"होत होतं की." बायको छताकडे बघत होती. "मला वाटलं तुमच्या काळजीनं होतंय."

"अगं, मग सांगायचं!"

"कुणाला? घरात एक पेशंट होता ना."

न्हावी नंतर गल्लीत सांगत सुटला की मास्तर तिथे ढसाढसा रडले, पण न्हावी तेव्हा हॉस्पिटलच्या बाहेर उभा होता. खरं इतकंच, की त्यांनी खाटेची दांडी दोन्ही हातांनी धरली आणि परिचारिकेनं हात सोडवेपर्यंत धरून ठेवली.

बायकोला गोळ्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी तिनं किल्ली काढून टेबलावर ठेवली. "घ्या. ठरलं होतं तसं." पण "तुम्ही बरे झालात" हे शब्द काही निघाले नाहीत. आपल्या कानाचा आणि अंगठ्याचा भरवसा गेल्यावर ती कशाच्या जोरावर म्हणणार? पंपमास्तरही ते मागायचे कसे? आजारी माणसाकडे सर्टिफिकेट मागतात का? ते दुकानात जायचे, एक पंप उघडायचे, तो तसाच ठेवून घरी यायचे. "गिऱ्हाईकच नाही," म्हणायचे. दुकानाबाहेर रांग लागलेली असायची.

तिच्याही गोळ्यांनी भागेना, तेव्हा डॉक्टरबाईंनी तेच सुचवलं. ॲब्लेशन. आणि पंपमास्तरांना एकदम कंठ फुटला! घरात हे काम करून आलेला अनुभवी माणूस एकच होता ना. "काही नसतं गं त्यात! नळी जाते, जागा भाजते, नळी परत येते. आपण नुसतं पडून राहायचं. मला तर झोप लागली होती! तू बघ, पुन्हा जिना चढशील, पुन्हा डाव्या कुशीवर झोपशील. मी आहे ना!" गल्लीभर हेच. लाँड्रीवाल्याला इतकं समजावलं की तो स्वतः तपासून घ्यायला निघाला.

ठरल्या दिवशी बायकोला उपाशीपोटी दाखल केलं. पंपमास्तर स्ट्रेचरबरोबर दारापर्यंत गेले आणि शेवटचा सल्ला देत होते, "अजिबात घाबरायचं नाही, बरं का. माझ्याकडे बघ," तोच दार बंद झालं.

दार बंद झालं आणि पंपमास्तरांची पाचावर धारण बसली. आपल्या वेळेस ते दाराच्या आत होते. आत काही करायचं नसतं. बाहेर काय असतं, ते त्यांना आज कळत होतं. ही इथे, याच बाकावर, अशीच बसली असणार. ते उठले, बसले, पुन्हा उठले. मेहुण्यानं खायला आणलं तर म्हणाले, "ती उपाशी आत पडलीय आणि मी इथे तोंड चालवू?" मुलीनं पाणी दिलं तेही हातातच राहिलं. आदल्या दिवसापासून त्यांच्या पोटात काही गेलं नव्हतं, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

शेवटी दार किलकिलं झालं. परिचारिका बाहेर आली आणि हसून म्हणाली, "झालं. व्यवस्थित झालं. ताल जागेवर आलाय."

हे ऐकून पंपमास्तरांनी "वा!" म्हटलं आणि पंपाखालचा स्टँड काढून घ्यावा तसे सरळ फरशीवर आडवे झाले.

एकच हलकल्लोळ! "दाजी!" "बाबा!" "हृदयाचा पेशंट आहे हो, ॲब्लेशन झालंय!" कुणी व्हीलचेअर आणायला धावलं, कुणी मशीन आणायला, कुणी डॉक्टरांना हाका मारू लागलं. सगळा आवाज आतपर्यंत गेला.

आत बायको सरळ उताणी पडली होती. पाय हलवायचा नाही अशी सक्त ताकीद होती. डोळे मिटलेले.

"बाहेर कसली गडबड?" तिनं विचारलं.

परिचारिकेनं चाचरत सांगितलं, "तुमचे मिस्टर जरा... पडलेत. घाबरू नका, आम्ही लगेच ईसीजी काढतोय."

तिला वाटलं, आता ही उठून बसेल. बायकोनं डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"मशीन नको," ती म्हणाली. "त्यांचं हृदय चांगलं आहे. बरे झालेत ते. उपाशी असतील मेले कालपासून. गोड चहा पाजा."

परिचारिका बाहेर आली. फरशीवर गर्दीच्या मधोमध पंपमास्तर पडले होते आणि मेहुणा त्यांना फाइलीनं वारा घालत होता. तिनं निरोप मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा, शब्दन् शब्द सांगितला.

पंपमास्तरांच्या पापण्या थरथरल्या. पण त्यांनी डोळे उघडले नाहीत. एक बोट वर करून ते पुटपुटले, "सिस्टर, ती नक्की काय म्हणाली? पुन्हा एकदा सांगा."

"गोड चहा पाजा म्हणाल्या."

"त्याच्या आधी हो, त्याच्या आधी!"